कागदाखालचं दुसरं नाव

मी वाचायला शिकले ती विरामचिन्हांसकट. वडील मुंबईत एका छोट्या छापखान्यात शिशाच्या अक्षरांचे खिळे जुळवायचे. लग्नपत्रिका, साबणाची लेबलं, हातबिलं, आणि मालकाची मर्जी असेल तेव्हा चळवळीची पत्रकं. प्रूफ तपासायला दुसरा माणूस नसायचा, म्हणून ते मला स्टुलावर बसवायचे. मी हस्तलिखित मोठ्यानं वाचायचे आणि ते छापलेल्या कागदावरून बोट फिरवत यायचे. एकही खूण गाळायची नाही, असा नियम होता. ‘बंधूंनो आणि भगिनींनो स्वल्पविराम आम्ही भीक मागत नाही पूर्णविराम.’ पुढे शाळेत कविता म्हणतानाही माझ्या तोंडून स्वल्पविराम निघून जायचा आणि वर्ग हसायचा.

दुसरा नियम तळच्या ओळीचा. पत्रक कितीही घाईचं असो, खाली मुद्रक आणि प्रकाशकाचं नाव छापायचंच. कायद्यानं ते लागतं, पण वडिलांचं कारण वेगळं होतं. एकदा काही मुलं आली आणि म्हणाली, नावं नकोत, पोलीस त्रास देतात. वडिलांनी जुळवलेला मजकूर तसाच बाजूला सरकवला. “नाव नसेल तर ते पत्रक नाही,” ते म्हणाले. “भिंतीवर मारलेली पिंक आहे ती. कुणाचीही असू शकते.” मुलं चिडून गेली आणि दुसऱ्या दिवशी नावं घेऊन आली.

अमेरिकेतल्या काळ्या लोकांबद्दल मी पहिल्यांदा वाचलं ते याच पत्रकांत. ते आमचे बांधव आहेत, त्यांनी कॉलेजांचे बंद दरवाजे उघडायला लावले, आपणही उघडू, असं त्यात असायचं. आमच्या वस्तीतल्या मुलांना शाळेत कुठे बसवत ते मला माहीत होतं. त्यामुळे समुद्रापलीकडे कुठेतरी ही लढाई जिंकून संपलेली आहे, याचा मला फार आधार वाटायचा. मी ते इतकं खरं मानलं होतं की कधी शंकासुद्धा आली नाही.

छापखाना बंद पडला तेव्हा वडील बहरीनला आले. जहाजदुरुस्तीच्या गोदीत रंगाऱ्याचं काम मिळालं. खिळ्यांची अक्षरं सुटली आणि जहाजांच्या पोटावर माणसाएवढी अक्षरं रंगवणं सुरू झालं. पुढे तिथल्याच एका इंग्रज इंजिनिअरच्या घरी आईला स्वयंपाकाचं काम लागलं, बंगल्यामागची खोली मिळाली आणि मीही आले. विमानतळावरून येताना वडिलांनी मला पहिली गोष्ट सांगितली ती ही: “इथे सगळं मिळतं. पत्रक मफी.” मफी म्हणजे नाही. आखातात आलेला माणूस अरबीतला हा शब्द आधी शिकतो.

इंडियन स्कूलमधून मी दहावी चांगल्या मार्कांनी पास झाले, तेव्हा आईच्या मॅडमनी, म्हणजे इंजिनिअरच्या बायकोनं, शब्द टाकून मला एका कॉलेजात फ्रीशिप मिळवून दिली. इंग्रज आणि अमेरिकन घरांतल्या मुलांसाठी चालवलेलं ते कॉलेज होतं. दोन वर्षं शिकायचं, कॉलेजची परीक्षा पास व्हायचं आणि मग विलायतेच्या बोर्डाच्या परीक्षेला बसायचं. कॉलेजची परीक्षा हुकली की बोर्डाला बसू देत नसत.

सगळा वर्ग गोरा होता. माझ्याशिवाय एकच मुलगी गोरी नव्हती. ती अमेरिकेतली काळी मुलगी. तिचे वडील जुफैरच्या अमेरिकन नौदलाच्या तळावर भांडारात होते. पहिल्या दिवशी मी तिच्या शेजारी जाऊन बसले ती अशा आदरानं, जशी एखाद्या जिंकून आलेल्या सैनिकाशेजारी बसावी. ती म्हणाली, “खिडकीजवळ बसतेस का? एसीचं पाणी माझ्या वहीवर गळतं.”

तिला लहान मुलांची डॉक्टर व्हायचं होतं. हे ती इतक्या सहज सांगायची, की कुठली बस पकडायची तेच जणू सांगतेय. वर्गातल्या मुली तिला न विचारता तिच्या केसांना हात लावायच्या, आणि मग बोटं एकमेकींना दाखवायच्या. खेळाच्या तासाला तिला पळायला पुढे करायचे. तिला पळायचा कंटाळा यायचा, दम लागायचा, हे कुणाला खरंच वाटत नसे. वर्गात गुलामांच्या व्यापाराचा उल्लेख आला की सगळ्या माना तिच्याकडे वळायच्या, जणू ती तिथे हजर होती. माझ्याकडे गणिताची उदाहरणं यायची. भारतीय म्हणजे गणित. मला गणित यायचं नाही.

मी चिडायचे. ती नाही. मला वाटायचं, हे बहरीन आहे म्हणून असं. तिच्या देशात आता असं कुठे.

मग एका शुक्रवारी मी तिच्या घरी गेले. जुफैरला तेव्हा बैठी घरं होती, आणि संध्याकाळी समुद्रावरून दमट वारा आत यायचा. तिचा मोठा भाऊ अमेरिकेत कॉलेजात होता, आणि पत्राऐवजी कॅसेट पाठवायचा. आमची माणसंही तेच करायची. गावाकडून येणाऱ्या कॅसेटमध्ये आधी कोंबडा आरवायचा आणि मग आजी रडायची. म्हणून मी हसत हसतच ऐकायला बसले.

भाऊ शांतपणे बोलत होता. त्याच्या होस्टेलच्या खोलीतल्या दुसऱ्या मुलाच्या आईनं पहिल्याच दिवशी आपल्या मुलासाठी दुसरी खोली मागितली. मुलगा चांगला आहे, तो सॉरी म्हणाला आणि सामान घेऊन गेला. लायब्ररीत रखवालदार त्याला एकट्यालाच ओळखपत्र विचारतो, रोज, तोच रखवालदार. जेवायला सगळे काळे विद्यार्थी एका टेबलावर बसतात, आणि कॉलेजच्या छापील मासिकात लेख येतो की ही मुलं वेगळी का बसतात. आणि त्याचा एक निबंध फार चांगला झाला, तेव्हा प्रोफेसरनं दार लावून घेऊन विचारलं होतं, की हा तुला कुणी लिहून दिला.

कॅसेट उलटायला ती उठली. मी तिला म्हटलं, पण तुम्ही तर जिंकला होतात. तिला कळेना मी कशाबद्दल बोलतेय. मग मी आमच्या पत्रकांबद्दल सांगितलं, त्यात तिच्या लोकांबद्दल काय छापलेलं असायचं ते सांगितलं. तिनं ते नीट ऐकून घेतलं आणि स्वयंपाकघराकडे तोंड करून ओरडली, “आई, ऐकलंस का, मुंबईत छापून आलंय की आपण जिंकलो.” आतून तिच्या आईचं हसणं ऐकू आलं. बराच वेळ येत राहिलं.

इतिहास स्वतः प्रिन्सिपॉल शिकवायचे. म्हणजे नोट्स सांगायचे, आणि मुलं त्या उतरवून घेऊन पेपरात तशाच्या तशा लिहायची. त्या वर्षी लँकेशायरच्या गिरण्या होत्या. कापूस लिव्हरपूलच्या बंदरात उतरतो, गिरण्या चालतात, कापड जगभर जातं. माझी आजी मुंबईत गिरणीच्या साच्यांखालची, म्हणजे मागांखालची, रुई झाडायची. माझ्या मैत्रिणीची खापरपणजी कापूस वेचायची, कुणाच्या तरी मालकीची असताना. आम्ही दोघी तो धडा वाचत बसलो होतो तेव्हा ती म्हणाली, पुस्तकातला कापूस बंदरावर जन्माला येतो. मग तिनं पेन्सिल घेतली आणि एक वाक्य केलं: ‘या पुस्तकातला कापूस बंदरावर सुरू होतो, पण बंदराच्या आधी हात होते.’

मी ते वाक्य माझ्या वहीत उतरवून घेतलं. पत्रकात शोभलं असतं.

त्या वाक्याभोवती आम्ही उत्तर रचलं. आणि पाठ करायची माझी एकच पद्धत होती, छापखान्यातली. ती वाचणार, मी बोट फिरवणार. मग मी वाचणार, ती बोट फिरवणार. खुणांसकट. तिला याची फार मजा वाटायची. कॉलेजच्या बसमध्येसुद्धा ती स्वल्पविराम मोठ्यानं म्हणायची आणि ड्रायव्हर आरशातून बघायचा. परीक्षेला बसलो तेव्हा ते उत्तर आमच्या दोघींच्या तोंडात खिळ्यांनी जुळवल्यासारखं पक्कं होतं. प्रश्नही तोच आला. वर्गाच्या दोन टोकांना बसून आम्ही ते लिहिलं.

पुढच्या आठवड्यात प्रिन्सिपॉलनी मला एकटीला बोलावलं. टेबलावर दोन उत्तरपत्रिका शेजारी शेजारी ठेवल्या होत्या. ते रागावलेले नव्हते, उलट प्रेमानंच बोलत होते. म्हणाले, तुझ्या मेहनतीचं कुणी चोरलं, याचं मला वाईट वाटतं. त्यांनी टाईप केलेला एक कागद पुढे सरकवला. तिनं माझं उत्तर चोरलं, एवढाच मजकूर. मी सही करायची होती. मला काही होणार नव्हतं. तिचा इतिहासाचा पेपर रद्द होणार होता, म्हणजे बोर्डाची परीक्षा गेली, म्हणजे ज्या कॉलेजात ती अर्ज करणार होती ते गेलं.

मी म्हटलं, आमच्या जागांमध्ये सगळा वर्ग बसला होता. ते म्हणाले, मार्ग सापडतात. मी म्हटलं, तुमच्या नोट्स तर साऱ्या वर्गानं शब्दाला शब्द लिहिल्यात. ते म्हणाले, नोट्सची गोष्ट वेगळी. हे वाक्य नोट्समध्ये नाही. त्यांनी त्यावर बोट ठेवलं. बंदर आणि हात.

“ते वाक्य तिचं आहे,” मी म्हटलं. “तिनं केलं. मी तिच्याकडून घेतलं.”

प्रिन्सिपॉल हसले. कुत्सित नाही, कौतुकानं. “तू फार भली मुलगी आहेस. तुमच्या लोकांत ही निष्ठा असते. पण ती असं वाक्य लिहील, हे तू मला सांगू नकोस.”

खोटं बोलून पकडली जाण्याची भीती मला माहीत होती. खरं सांगितल्यावर समोरच्याला गंमत वाटावी, हे मला नवं होतं. आणि त्याहून एक गोष्ट मला हळूहळू उमगत गेली तशी मी आतून हादरत गेले. आम्ही उतरंडीतलं तळाचं मडकं, असं समजत मी वाढले. या खोलीत मला कुणीतरी उचलून एका मडक्यावर ठेवलं होतं. खाली ती होती. मी फक्त सही करायची होती, की उतरंड पक्की.

मी सही केली नाही. कागद टेबलावर सोडून बाहेर आले.

ती व्हरांड्यात थांबली होती. मी सगळं सांगितलं, भडाभडा, मध्येच मराठीतही. म्हटलं, तुला धक्का नाही बसला? ती म्हणाली, “राग आलाय. धक्का कसला? माझा भाऊ बोलत होता तेव्हा तू काय संगीत ऐकत होतीस का?”

तिला प्रिन्सिपॉलनी दुपारी बोलावलं आणि त्यांच्यासमोर बसून उत्तर पुन्हा लिहायला सांगितलं. ती म्हणाली, लिहिते, सगळा वर्ग लिहीत असेल तर. ते म्हणाले, इतरांवर संशय नाही. मग ती उठली. तिच्या वडिलांनी पुढे दोनदा जाऊन बघितलं, तळावरच्या साहेबालाही मध्ये घातलं. पण तिनं पुन्हा लिहायचं नाकारलं, एवढंच उत्तर सगळीकडून आलं.

आमच्या घरी बातमी माझ्याआधी पोचली होती. मॅडमनी आईला सांगितलं होतं, मुलीला म्हणावं सही कर, एवढं काय त्यात. आई पोळ्या लाटताना थांबत नव्हती. “चांगुलपणानं सांगितलं गं त्यांनी,” ती म्हणाली. “खोली त्यांची आहे. व्हिसा साहेबाच्या हातातला. मी काही म्हणत नाही, पण तूच बघ.” आईचं चुकत नव्हतं, हे मला तेव्हाही कळत होतं.

बुधवारी कॉलेजच्या फळ्यावर सूचना लागली, खाली एकट्या तिचं नाव. शुक्रवारी मराठी मंडळींच्या जेवणाला हा विषय निघाला. तिथे एक काका होते, बँकेत अकाउंटंट, पुण्याचे. आम्ही पहिल्यांदा गेलो तेव्हा त्यांनी आडनाव विचारलं होतं, मग गाव विचारलं होतं, मग ‘अच्छा’ म्हणून आमटी वाढून घ्यायला गेले होते. तेच काका आता माझ्या शेजारी येऊन बसले.

“हे बघ पोरी, आपण इथे पाहुणे. यल्ला, चला, म्हटलं की निघायचं. आणि ती आपली कोण लागते? काळी ती काळीच, त्यांचं डोकं पळण्यात.”

त्या ‘आपण’मध्ये त्यांनी मला पहिल्यांदाच घेतलं होतं. घेतलं तेही दुसऱ्या कुणाला बाहेर ठेवायला. प्रिन्सिपॉल निदान परके होते. हे माझ्या भाषेत बोलत होते, त्यांच्या गावात माझ्या माणसांबद्दल बोललं जातं तेच वाक्य, फक्त माणूस बदलून. मी म्हटलं, “काका, हेच आमच्याबद्दल म्हणतात ना तुमच्याकडे?” काकूंनी घाईनं श्रीखंड आणलं.

परतताना बसमध्ये वडील माझ्या शेजारी बसले होते. त्यांनी त्या सगळ्या दिवसांत एक शब्द उच्चारला नव्हता, आणि मला त्याचाच जास्त राग येत होता. छापखान्यातला तो माणूस गेला कुठे, असं वाटायचं. बस थांबायच्या आधी त्यांनी विचारलं, “वाक्य कुणाचं?”

“तिचं.”

“उत्तर?”

“दोघींचं.”

“आणि आता खाली नाव किती जणांचं आहे?”

मी म्हटलं, एकीचं.

“मग अर्धवट छापलंय,” ते म्हणाले, आणि उतरण्यासाठी दांडा पकडून उभे राहिले. आई पुढच्या सीटवर होती. तिनं मागे वळून बघितलं नाही, पण ऐकलं होतं. घरी आल्यावर तिनं शिवणाच्या डब्यातून मी मागितलेला दोरा काढून दिला आणि कशाला पाहिजे ते विचारलं नाही.

शनिवारी कॉलेजच्या फळ्यावर ती टाईप केलेली सूचना तशीच टाचलेली होती. परीक्षेत नक्कल केल्यामुळे खालील विद्यार्थिनीला इतिहासाच्या बोर्डाच्या परीक्षेस बसता येणार नाही. आणि एक नाव. मी सकाळी सगळ्यांच्या आधी गेले होते. त्या नावाखाली मी लिहिलं: ‘वाक्य हिचं होतं. मी ते तिच्याकडून घेतलं. दोघींनी मिळून पाठ केलं.’ त्याखाली माझं पूर्ण नाव, वडिलांच्या नावासकट, आडनावासकट. मग बॉलपेनला आईचा दोरा बांधून ते टाचणीला लटकवलं.

माझा हिशेब सरळ होता. वर्गातल्या प्रत्येकानं दुसऱ्याची वाक्यं लिहिली होती, प्रिन्सिपॉलची. ती सगळी मुलं येतील, वाचतील आणि पेन उचलतील. पत्रकांवर वाढलेल्या मुलीचा हिशेब. आमच्याकडे एक नाव पडलं की खाली रांग लागायची, अंगठेसुद्धा उमटायचे.

मुलं आली. त्यांनी वाचलं. काही जण मला बघून ओठ मिटून हसले, ‘बिचारी’ असं. ज्या मुलीनं मला परीक्षेनंतर सांगितलं होतं की तिनं नोट्सचं अख्खं पान न चुकता उतरवलं, ती दोनदा येऊन गेली. एका मुलानं पेन हातात घेतलं. त्यानं ते तळहातावर चालतं का बघितलं, निळी रेघ उमटली, आणि पेन सोडून दिलं. ते भिंतीवर आपटत हलत राहिलं. वाईट मुलं नव्हती ती. त्यांनी मला वाढदिवसांना बोलावलं होतं. सुट्टी झाली, दुसरी झाली, तिसरं नाव आलं नाही. मला वाटतं, प्रिन्सिपॉलच्या हसण्यानंही मी इतकी हादरले नव्हते, जितकी त्या लटकलेल्या पेनानं.

ती शेवटच्या तासानंतर आली. सूचना वाचली, मग माझं खालचं वाचलं. बराच वेळ वाचत होती.

“तुला कुणी सांगितलं होतं?” तिनं विचारलं.

“कुणी नाही.”

“तुझी परीक्षा जाईल.”

“जाऊ दे.”

“अक्षर भयंकर आहे तुझं,” ती म्हणाली. तिनं पेन दोऱ्यासकट काढून स्वतःच्या खिशात घातलं. “हे माझं. यांच्यासाठी कशाला ठेवायचं?”

माझी परीक्षा गेली. सूचना दुसऱ्या दिवशी पुन्हा टाईप होऊन आली, दोन नावांची. माझी वाक्यं मात्र गाळून. फ्रीशिपही गेली. मॅडमनी खोली काढून घेतली नाही, पण त्यानंतर आईशी त्या फक्त काय शिजवायचं तेवढंच बोलल्या. मी पुढच्या वर्षी इंडियन स्कूलमधून बारावीला बसले. ती उन्हाळ्यात अमेरिकेला गेली, तिथे एक वर्ष पुन्हा शाळेत काढलं आणि मग एका कॉलेजात लागली, जिथे तिच्या वर्गात तिच्यासारखी ती एकटी आहे.

तिथून तिची पहिली कॅसेट आली ती आम्ही तिघांनी खोलीत बसून ऐकली. तिनं आपला पहिला निबंध वाचून पाठवला होता, आमच्या पद्धतीनं, खुणांसकट. निबंध ज्या दिवशी परत मिळाला त्याच दिवशी प्रोफेसरनं तिला थांबवून विचारलं होतं, कुणाची मदत घेतलीस का. तिनं ते भावासारखंच शांतपणे सांगितलं आणि पुढे वाचू लागली. वडिलांना बोललेलं इंग्रजी फारसं कळत नाही. पण त्यांचं बोट टेबलावरच्या प्लास्टिकवरून ओळीनं सरकत होतं.

“हे सारखं पिरियड पिरियड काय म्हणतेय?” त्यांनी विचारलं.

“पूर्णविराम. अमेरिकेत तसं म्हणतात.”

बोट पुन्हा सरकू लागलं. निबंध संपला तेव्हा तिनं एक क्षण थांबून स्वतःचं पूर्ण नाव सांगितलं, सावकाश, एकेक अक्षर वेगळं करून, आणि कॅसेट खरखरत राहिली.

“खाली नाव आहे ना तिचं?” वडिलांनी विचारलं.

मी म्हटलं, आहे.